अहवाल अजून आलेला नाही

आजवर मी जे लिहिले ते सही करून, तारीख घालून आणि प्रत जपून लिहिले. एवढी एकच गोष्ट मात्र मी कुठल्याही कागदावर उतरू दिली नाही; तोंडावाटे तर नाहीच नाही. माझ्या मुलीला ती ठाऊक नाही. रोज सकाळी मुलुंडच्या बागेत ज्यांच्याशी वाद घालतो, त्या मंडळींनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का — ते मलाही धड माहीत नाही.

मी तक्रार करणारा माणूस आहे, हे आधी सांगायला हवे. सारी नोकरी एका विमा कंपनीच्या विधी विभागात गेली. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. लिफ्टचा परवाना संपला, औषधवाल्याने बिल दिले नाही, बँकेने ज्येष्ठांसाठी खुर्ची ठेवली नाही — मी पत्र लिहितो. पोचपावतीसह पाठवतो. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, त्यालाही नाही आले तर वरिष्ठांकडे. माझा राग कायद्याचे कलम शोधल्याशिवाय बाहेर पडत नाही, असे माझी पत्नी सुमन म्हणत असे. तिला हे अर्धे कौतुकाने आणि अर्धे कंटाळून म्हणता येई.

आमच्या घराजवळ एक तपासणी केंद्र आहे. रक्त, लघवी, स्कॅन, सगळे एका छताखाली. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथले अहवाल बंद पाकिटात मिळत, पाकिटावर डॉक्टरांचे नाव असे आणि ते आपण फोडले तर काउंटरवरचे लोक डोळे वटारत. माझ्या शरीराची माहिती, माझ्या पैशाने काढलेली — आणि ती मलाच वाचायची बंदी? मी पत्रे लिहिली. किती लिहिली ते आता सांगत नाही, त्याचा पूर्वी मला अभिमान वाटे. पुढे केंद्राने पाकिटे देणे थांबवले आणि रुग्णाच्या मोबाइलवर थेट अहवालाची लिंक जाऊ लागली. हे माझ्या पत्रांमुळे झाले, असे मी सर्वांना सांगितले. खरे तर तोवर सगळीकडे तेच होऊ लागले होते. केंद्राने माझ्यासाठी काही केले नव्हते. तरी ज्येष्ठ नागरिक संघाने मला शाल-श्रीफळ दिले. मी भाषण केले. ज्याचे शरीर त्याची माहिती, असे म्हणालो. टाळ्या पडल्या. सुमन पहिल्या रांगेत बसली होती.

त्यानंतर इमारतीतले लोक आपापले फोन घेऊन माझ्याकडे येऊ लागले. साखर किती, कोलेस्टेरॉल कुठले चांगले, कुठले वाईट — मी चष्मा लावून वाचून दाखवी, कळले नाही ते शोधून सांगी. डॉक्टर बोलत नाहीत, फोन बोलतो, असेही एकदा म्हणालो होतो. किती शहाणा होतो मी, नाही का?

मग सुमनचे पोट दुखू लागले. जेवण तुटले, वजन उतरले. आमच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला.

केंद्राच्या काउंटरवर मनाली नावाची तिशीतली बाई असे, भांडुपची. सुमन मूळची कुडाळकडची. या दोघींचे सूर पहिल्याच भेटीत मालवणीत जुळले होते आणि मला त्यातले अर्धेमुर्धेच कळे. त्या दिवशीही मनालीने आधी कोकमाची चौकशी केली, मग म्हणाली, "काकू, तुमचो मोबाइल नंबर सांगा बघू." सुमन पर्समधून फोन काढू लागली — तिचा स्वतःचा फोन होता, ती त्यावर भजने ऐके, नातवाशी बोले — आणि मी तिच्या खांद्यावरून माझा नंबर सांगून मोकळा झालो. मनाली थबकली. तिने सुमनकडे पाहिले.

"घाल गो त्यांचोच," सुमन हसून म्हणाली. "नायतर उद्या तुका नोटीस येतली."

दोघी खूप हसल्या. मीही हसलो. ज्याचे शरीर त्याची माहिती म्हणणारा मी, तिच्या शरीराची माहिती माझ्या खिशात येईल अशी सोय करून हसलो. घरातल्या सगळ्यांसाठी मी नेहमी असेच करीत आलो होतो. त्यात काही चुकते आहे, हे मनातसुद्धा आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सुमन स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी लिंक उघडली. इंग्रजीतला अहवाल, दोन पानी. जे शब्द कळले नाहीत ते शोधले. एकेक शब्द दाबत गेलो आणि एकेक दार उघडत गेले — स्वादुपिंड, गाठ, यकृतावरचे डाग, मग त्या डागांचा अर्थ, मग अशा रोग्यांचे पुढे काय होते ते. कुणी समोर नव्हते. थांबा, आधी बसा, पाणी प्या, असे म्हणणारे कुणी नव्हते. फोनने सगळे सांगितले.

"कुणाचा मेसेज हो?" सुमनने आतून विचारले.

"बँकेचा," मी म्हणालो.

तिथून सुरू झाले. त्या क्षणी मी घाबरलो होतो, हे खरे; पण घाबरलेला माणूस एकदा खोटे बोलतो. मी रोज बोललो. "आला का हो?" ती विचारी. नाही आला. त्यांची सिस्टिम बंद आहे. त्यांच्याकडे गर्दी आहे. "मी जाऊन विचारू का मनालीला?" तू कशाला, मी आहे ना. तिला धक्का बसू नये म्हणून मी लपवले, असे मी स्वतःला सांगितले असेल का? सांगितले. ते खोटे होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहत ते वाक्य उच्चारण्याची माझी हिंमत नव्हती. आणि आणखी एक — लाज वाटते, पण लिहितो — या गोष्टीविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, हेच मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रागाला पत्ता नव्हता.

दोन आठवडे उलटून गेले. मग एका सकाळी चहाचा कप माझ्यापुढे आपटून सुमन म्हणाली, "अख्ख्या मुलुंडला पत्रं लिहिता, बायकोच्या रिपोर्टसाठी एक लिहा की!"

काय करायला हवे होते मी? तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होते. मी टेबलाशी बसलो आणि जो अहवाल माझ्या खिशात होता, तो अजून आलेला नाही अशी तक्रार लिहिली. चांगली लिहिली. रुग्णाचे हक्क, सेवेतील त्रुटी, होणाऱ्या परिणामांची जबाबदारी. तिला वाचून दाखवली. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या मनालीचं नाव नका हं घालू. चांगली आहे पोरगी." मी नाव घातले नाही. संबंधित कर्मचारी, एवढेच लिहिले. मग पाकीट घेऊन खाली गेलो, बागेजवळच्या कचरापेटीत ते फाडून टाकले आणि वर येऊन सांगितले, "टाकलं." प्रत मात्र फाइलला लावली. सवयीने लावली, की तेव्हाच माझ्या मनात काही होते? याचे उत्तर मी अनेकदा शोधले आहे. जे सापडते ते मला आवडत नाही.

आणखी काही दिवसांनी तिचे डोळे पिवळे दिसू लागले. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. अहवाल आलाच नाही म्हटल्यावर त्यांनी तिथूनच केंद्राला फोन लावला. पलीकडचे बोलणे ऐकून ते माझ्याकडे वळले. "अहवाल केव्हाच पाठवलाय म्हणतात. आणि त्याच दिवशी उघडलाही गेलाय."

सुमनने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत संशय असता तर मी तिथेच कोसळलो असतो, बोललो असतो. संशय नव्हता. आता हे त्यांना सोडणार नाहीत, असा विश्वास होता. आणि मी तिला निराश केले नाही. "साफ खोटे आहे," मी म्हणालो, आणि माझा आवाज अगदी नेहमीचा होता.

डॉक्टरांनी अहवाल स्वतः मागवून घेतला आणि सुमनला काय ते सांगितले; त्यानंतर केंद्रात तर मी शिखर गाठले. व्यवस्थापकाने संगणक फिरवून दाखवला — पाठवला, उघडला. मी विचारले, कुणी उघडला? कुठल्या फोनवर? ही तुमच्या यंत्राची नोंद. ती खरी असल्याचे कायद्याला चालेल असे प्रमाणपत्र कोण सही करून देणार? तुम्ही देता? द्या. त्याने संगणक पुन्हा आपल्याकडे फिरवला. मग मी पत्राची प्रत पुढे ठेवली. पत्नी आजारी म्हणून घाईत साध्या टपालाने पाठवले होते, असे सांगितले. त्याला उत्तर का नाही? उभ्या जन्मात मी महत्त्वाचे पत्र साध्या टपालाने पाठवलेले नाही, हे तिथे कुणाला माहीत असणार?

केंद्राचे टपाल मनालीच्या टेबलावर येई. तिने खण उपसले, कपाट पाहिले, कागदांच्या चळती जमिनीवर मांडून पाहिल्या. "काका, आलं असेल हो पत्र," ती शेवटी म्हणाली. "सकाळी इतकी गर्दी असते... मीच कुठेतरी ठेवलं असेन. ठेवलं असेन का मी?"

"ते तुम्ही सांगायचे," मी म्हणालो.

जे पत्र मी कधी टपालपेटीत टाकलेच नव्हते, ते तिला आठवू लागले होते, आणि मी समोर उभा राहून ते होऊ दिले. तिच्याकडून लेखी माफी घेतली गेली. काउंटरवरून काढून तिला गोवंडीच्या शाखेत पाठवायचे ठरले. मी ते मागितले नव्हते. मी ते थांबवलेही नाही.

ती जाण्याआधी सुमनला एकदा रक्ताच्या तपासणीसाठी तिथे जावे लागले. मनाली उठून जवळ आली. सुमन तिच्याशी मालवणीत बोलली नाही. स्वच्छ, परक्या मराठीत म्हणाली, "तुमच्या निष्काळजीपणामुळे माझे किती दिवस वाया गेले, याची तुम्हाला कल्पना आहे का?" माझ्या पत्नीला मी कुणाशी असे बोलताना कधी ऐकले नव्हते. शब्दही तिचे नव्हते — माझ्या पत्रातले होते. मी तिचा दंड धरून उभा होतो. रिक्षात बसल्यावर तिने पदर सावरला. मग म्हणाली, "जास्त बोलले का हो मी?"

"नाही," मी म्हणालो.

माझ्या मुलीने बोरिवलीहून इंटरनेटवर त्या केंद्राबद्दल लिहिले. एक तारा दिला, सगळी हकीकत दिली, मनालीचे नाव दिले. अनेकांनी तिचे आभार मानले. आम्ही आता तिथे जाणार नाही, असे लिहिले. ते अजून तिथे आहे. मुलुंडमध्ये कुणी स्कॅन कुठे करावा म्हणून शोधले, तर माझे खोटे त्याला आजही माहिती म्हणून मिळते.

मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांना मी एकदा एकटे गाठून विचारले होते — थोडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, या आजारात तसे सांगता येत नाही. हे वाक्य मी पुष्कळ दिवस उराशी धरून बसलो. आता धरत नाही. ते सांगता येत नसेल. पण ते दिवस तिचे होते. कुणाशी काय बोलायचे, कुठे जायचे, कशावर चिडायचे, हे तिने ठरवायचे होते. मी ते तिच्याकडून काढून घेतले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा एका निरपराध बाईवरचा राग मनात घेऊन गेली. तो मी तिला दिला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर मनाली घरी आली. केंद्रातली नोकरी तिने तोवर सोडली होती. खोलीत शेजारपाजारचे लोक होते, माझी मुलगी होती. मुलीने तिला ओळखले आणि ती उठून आत गेली. मनाली खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "काका, मी खूप आठवून बघितलं. ते पत्र माझ्याच हातून गेलं असणार. काकूंची माफी मागायची राहून गेली. तुम्ही तरी..." तिने हात जोडले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य पुरले असते. तेही मोठे नाही.

"झाले ते झाले," मी म्हणालो. "मी तुम्हाला माफ केले आहे."

ती उठली, वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.