देवाला पत्ता हवा

वास आधी येतो, धूर मागाहून दिसतो. आज सकाळी आमच्या कामगार छावणीच्या धुलाईघरामागच्या माळावर कुणीतरी वाळलेल्या खजुरीच्या झावळ्या पेटवल्या, आणि तो करपट, किंचित गोडसर, घशात रेंगाळणारा वास इस्त्रीच्या वाफेतून वाट काढीत माझ्यापर्यंत येऊन पोचला. हातातला शर्ट अर्धवट ठेवून मी डोळे मिटले. समोर चारशे माणसांचे निळे गणवेश, बाहेर ओमानचं पांढरंफटक ऊन, आणि नाकात मात्र फाल्गुनातली भाजावळ! भाताच्या रोपांसाठी राखलेल्या वाफ्यांवर शेण, पाचोळा, झाडांची वाळलेली कवळं पसरून माणसं ती सावकाश भाजत आहेत, डोंगरउतारावर निळसर धुराच्या घड्या उलगडत आहेत, आणि त्या धुरातून ढोलाचा आवाज येतो आहे. पालखी निघाली वाटतं!

एवढ्याशा वासाला केवढा हा मुलूख उचलून आणता येतो! मला मात्र, कुणी विचारलं की तू राहतोस कुठं, तर चार शब्द धड सापडत नाहीत. घर सोडलं तेव्हा मी 'खालच्या वाडीतला' होतो. मंडणगडच्या स्टँडवर तोच मी आमच्या गावाचा झालो, मुंबईत 'रत्नागिरीकडचा', विमानतळावर नुसता 'इंडिया'. माणूस जितका लांब जातो तितका त्याचा पत्ता मोठा होत जातो आणि माणूस लहान. इथं तर माझा पत्ता म्हणजे कॉलरीच्या आत शाईनं लिहिलेला आकडा, दोनशे सतरा. इतरांच्या कॉलरींवरचे आकडेही मीच लिहितो. शाळा आठवीत सुटली, पण माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मुकादमानं ते काम मला दिलं, याचं ऋण मी अजून मानतो.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देवळात वर्षभर आपण देवाकडे जायचं, त्या आठवड्यात देव आपल्याकडे येतो. अंगणात पालखी टेकली, आईनं ओटी भरली, की भिकू गुरव खांद्यावरचा पंचा सावरून गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि देवाला सांगायचं की याला सांभाळ. जो घरी असेल त्याचं नाव पुरतं. जो बाहेर असेल त्याचा ठिकाणा सांगावा लागतो. मुंबईला असणाऱ्यांचं सोपं असतं, त्या चाळी, ते नाके पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाण्यात येऊन देवाच्या पायाखालचे झालेले. माझी गोष्ट निराळी होती. नव्याण्णव साली मी इथं आलो तेव्हा आमच्या वाडीतून समुद्र ओलांडणारा मी पहिलाच. गुरवकाका आईला म्हणाले होते म्हणे, "मस्कत मस्कत काय सांगतेस, वैनी? तिकडं डोंगर कुठला, पाणी कुठलं? देव काय विमानात बसून जानार हाय?"

तेव्हा मी काय कळवलं असेल? सांगताना आजही कान गरम होतात. मी लिहिलं की मोठ्या बंगल्याच्या आवारात राहतो, समोर बाग आहे आणि मागे समुद्र. खरं म्हणजे आठ माणसांच्या पत्र्याच्या खोलीत माझी वरची खाट होती आणि समुद्र होता दीड तासांवर. बाबा लवकर गेले. आईनं वरकस जमिनीवर नाचणी पिकवून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. तिला पत्र्याचं छप्पर कसं लिहायचं? ते खोटं मला औषधासारखं वाटलं होतं. त्या शिमग्यानंतर धाकट्या सुमनचं पत्र आलं की पालखी दारात आली, तुझ्या नावानं गाऱ्हाणं झालं, आणि मी निश्चिंत झालो.

निश्चिंत? छे! माझ्यासारख्या भित्र्या माणसाला निश्चिंती कुठली! पुढं श्रावणात मी तापानं अंथरूण धरलं. सहा दिवस. वरच्या खाटेवर पत्रा हातभर अंतरावर, आणि त्या तापलेल्या पत्र्याकडे पाहता पाहता माझ्या मनात एक विचार शिरला, तो निघेचना. देव मला सांभाळायला आला असेल, पण तो गेला असेल बागेत! मागे समुद्र असलेल्या त्या बंगल्याच्या आवारात माझा देव मला हाका मारीत फिरत असेल, आणि मी इथं पत्र्याखाली! तुम्ही हसाल. मीही आता हसतो. त्या दिवसांत मात्र त्या विचारानं घाम फुटायचा. खालच्या खाटेवरचा याकूब, सुदानचा, खानावळीत रोट्या भाजणारा, कपाळावर ओली पट्टी ठेवीत मोडक्या हिंदीत विचारायचा, "किसको ढूँढता?" देव मला शोधत होता आणि मी देवाला, हे त्याला कसं सांगणार?

बरा झालो. आणि पौषात सुमनचं दुसरं पत्र आलं. आईनं विचारायला सांगितलं होतं की यंदा गाऱ्हाण्यात नीट सांगायचं आहे, तर तुझ्या राहत्या जागेच्या उगवतीला काय, मावळतीला काय, दक्षिणेला नि उत्तरेला काय, आणि दाराशी खूण कोणती, ते सगळं कळव. पत्र वाचून मी खाटेवरच बसलो. आता काय करावं? बागेला कुंपण घालून खोटं आणखी वाढवावं, की एका झटक्यात आईचा बंगला पाडावा? शिवाय खरं सांगायचं म्हटलं तरी सांगणार काय? दीड वर्ष जिथं राहत होतो त्या जागेच्या चार दिशांना काय आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लाजेनं न्याहाळू न दिलेली जागा माणसाला कशी सांगता येणार?

तेव्हा मी इतरांना विचारू लागलो. शुक्रवारी सुट्टी असते. दुपारी खोल्यांच्या सावलीत आम्ही चहा घेऊन बसतो. "तुझं गावाकडचं घर मला न पाहता दिसेल असं सांग," एवढंच म्हणायचं. प्रश्न साधा, पण उत्तरं ऐकताना मी चकित होत गेलो.

याकूबचं गाव नीलच्या काठाला. त्यानं ना दिशा सांगितली ना खूण. म्हणाला, सकाळी चहा पिऊन गाढवावर बस. तोंडातली साखरेची चव जाईल तिथं नदी लागेल, आणि पुन्हा तहान लागेल तिथं माझं घर. अंतर मोजायला त्याच्याकडे माणसाची जीभ होती! धनबहादूर नेपाळचा, सुतारकाम करणारा, तो घर उन्हानं सांगायचा. त्याचं घर डोंगराच्या अशा कुशीत की समोरच्या गावाला सूर्य सातला मिळतो आणि याच्या उंबऱ्याला नऊला. "बीच का दो घंटा हम लोग उनका धूप देखता है," असं म्हणून तो असा हसला की दुसऱ्याच्या अंगणातलं ऊन नुसतं पाहण्यातही संपन्नता असावी! आणि फिलिपिन्सचा रोमेल, वायरमन. तो म्हणाला, माझं घर चौथं. मला वाटलं, रांगेतलं चौथं. तसं नव्हे. एकाच जागेवरची तीन घरं वादळानं नेली होती, हे चौथं. पत्ता तोच, घर निराळं. मी विचारलं, मग जागा बदलत का नाही? त्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "विहीर तिथं आहे ना," म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्या सावलीत बसून जगभर हिंडलो असं म्हटलं तरी चालेल. एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. कुणीही आपलं घर मोठं करून सांगत नव्हतं. याकूबच्या घराच्या भिंती मातीच्या, धनच्या घरात ऊन उशिरा, रोमेलच्या घराचा भरवसा नाही. आणि तरी ते ते उणेपण सांगतानाच त्यांचे चेहरे उजळत होते. खोटं बोलणारा मी एकटा. माणूस आपल्या जागेचं वैभव सांगतो तेव्हा ती कुणाचीही असू शकते. तिची उणीव सांगतो तेव्हाच ती त्याची होते, असं तर नसेल?

मग एका शुक्रवारी उठलो आणि खोलीच्या दारात उभा राहून चारही दिशा पहिल्यांदा पाहिल्या. आणि जसं दिसलं तसं लिहिलं. उगवतीला मालवाहू गाड्यांचा रस्ता. दक्षिणेला पाण्याची लोखंडी टाकी, तिच्यावर दुपारी कबुतरं बसतात. उत्तरेला तांबूस उघडे डोंगर, आपल्या कातळासारखेच, फक्त गवत नाही. मावळतीला धुलाईघर आणि त्यामागे रिकामा माळ. घर पत्र्याचं, माणसं आठ, खाट वरची. मग दाराशी खूण शोधू लागलो. खिडकीतल्या एसीचं पाणी जिथं थेंबथेंब गळतं तिथं, गुडघ्याएवढं एक काटेरी झुडूप कुणी न लावता उगवलं होतं. दीड वर्ष मी त्याच्यावरून ये-जा करीत होतो! याकूब त्याला सिद्र म्हणतो. वाकून पान उलटून पाहिलं, तर पाठीमागून पांढुरकं, देठाशी काटा: आपली बोरच की, किंवा बोरीची चुलत बहीण! तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आये, बाग नाही. समुद्रही नाही. चुकलो.' आणि गावाकडं निघालेल्या एका दापोलीकराच्या हाती पत्र दिलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. इस्त्री करताना दोन गणवेश जाळले. शिमगा होऊन गेला. ठरल्याप्रमाणे एका शुक्रवारी सकाळी मी फोन लावला. आई आणि सुमन मंडणगडच्या एसटीडी बूथवर येऊन बसल्या होत्या. आई फोनवर नेहमी ओरडून बोलते, समुद्र ओलांडायचा असतो ना!

"पत्र मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं. सुमीनं दोनदा वाचलं."

"रागावलीस?"

"कशाला? मला काय ठाव नव्हतं?" आणि मग ती जे म्हणाली ते मी जन्मभर विसरणार नाही. "बागेत ऱ्हातो म्हनालास नि झाड एक बी सांगितलं नाईस. आरं, बागेतला मानूस पत्रात झाडाचं नाव घेतल्याबिगर ऱ्हाईल? तवाच कळलं मला."

मी विचारलं, मग पहिल्या वर्षी गाऱ्हाण्यात?

"गुरवाला मीच बोलले, बाग म्हनू नको, 'पोरगा असंल तिथं' म्हन. लई कुरकुरला तो. पर एक साल भागलं. दर साल देवानं किती शोधत फिरायचं रं? म्हनून तुला इचारलं."

म्हणजे त्या सहा दिवसांत देव बागेत गेलाच नव्हता! तो पत्ता हरवलेल्या माणसासारखा दारोदार विचारीत निघाला असेल, आणि काय सांगावं, ओली पट्टी घेऊन खालच्या खाटेवर येऊन बसलाही असेल.

"औंदा गुरव काय म्हनाला?" आपसूकच मी तिच्या बोलीत शिरलो होतो.

"सगळं म्हनाला. गाड्यांचा रस्ता, टाकी, कबुतरं, सगळं. बोरीपाशी आला नि थांबला. म्हनाला, बोर हाय व्हय दारात? मग सापडलं घर, देव आता चुकत नाय. नि सगळी वाडी म्हनाली, व्हय म्हाराजा!" मग आवाज उतरवून, जणू समुद्र मध्ये नाहीच, तिनं विचारलं, "पत्रा तापतो काय रं लई?"

"तापतो," मी म्हणालो. खरं बोलणं इतकं हलकं असतं, हे तेव्हा कळलं.

आता मला इथं पाचवं वर्ष. बोर माझ्या खांद्याला लागली आहे. एसीच्या पाण्यावर तिचं भागेना म्हणून धुलाईघरातली शेवटच्या पाण्याची बादली मी तिला घालतो. सुमनचं पत्र परवाच आलं, शिमगा जवळ आला, काही नवं असेल तर कळव. काय नवं असणार, असं मी मनाशी म्हणत होतो. आणि मघाशी तो वास आला. शर्ट खाली ठेवून, डोळे उघडून मी दारापर्यंत गेलो आणि धूर कुठून येतो आहे ते पाहिलं. झावळ्या पेटवणारी माणसं मला ओळखीची नव्हती. ती वाकून, काठीनं जाळ सारखा करीत होती, अगदी आमच्याकडे करतात तशी. मग परत येऊन दोनशे सतरा आकड्याचा माझाच शर्ट इस्त्रीला घेतला आणि पत्राची ओळ मनात जुळवू लागलो: आये, गुरवकाकांना सांग, मावळतीचा माळ अगदीच रिकामा नाही, तिथं फाल्गुनात धूर असतो.