आंदणाच्या गादीची झडती

कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली त्या काळातल्या एका उन्हाळ्यात, उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीतल्या एका नव्या गादीची नाक्यावर झडती झाली. त्या झडतीचा मी पंच होतो.

सरकीसकट कापूस, म्हणजे कपास, सरकारलाच विकायचा, असा कायदा होता. चोरटा कापूस पकडायला नाक्यावर गाड्या थांबवत. हवालदार, कंडक्टर, उतारू, सगळेच त्याला कंटाळले होते. त्या दुपारी हवालदाराने टपावरची गादी खाली उतरवायला लावली.

गादी एका शेतकऱ्याची. मुलीचे लग्न त्याच संध्याकाळी नागपूरच्या लकडगंजात, मुलाकडच्यांच्या दारी होते. मुलीला घेऊन वऱ्हाड सकाळीच पुढे गेले होते. आंदणात कबूल केलेली गादी शिवून व्हायची होती, म्हणून शेतकरी आणि त्याची बायको मागे राहिले होते.

"आत कपास असन," हवालदार म्हणाला.

"नाही जी. घरची रुई हाय, सरकी काढून पिंजलेली."

"उघडल्याबिगर कसं समजन?"

गाडी थांबवण्याचा अधिकार त्याला होता. सामान उघडायचे तर दोन पंच हवेत, हा नियम. नाक्यावरचा चहावाला नेहमीचा पंच; हाक मारताच तो हात पुसत आला. दुसरा मिळेना. पंच झाले की पुढे कोर्टाच्या तारखा लागतात, हे उतारूंना माहीत होते. पंच नसेल तर गादी इथेच राहील आणि गाडी जाईल, असे हवालदाराने सांगितले.

मग शेतकरी प्रत्येक खिडकीशी जाऊन स्वतःच्याच झडतीसाठी माणूस मागू लागला.

"उतरा ना भाऊ. उभंच तर राहाचं हाय."

"तुया गादीपायी कोर्टाच्या चकरा कोण मारन गा?"

"वऱ्हाडात दोन पंचबी आणाचे होते," मागून कोणी म्हणाले. दोघे-तिघे हसले.

मी उतरलो.

हवालदाराने चाकू काढला तशी शेतकऱ्याची बायको पुढे झाली. "चाकू नोका लावू जी. मले उसवू द्या." पदराची पिन काढून तिने एकेक टाका उचलला. हवालदाराने कोपरापर्यंत हात घालून चाचपले. रुईच निघाली. चहावाल्याने पंचनाम्यावर सही आधीच करून ठेवली होती. मी नंतर केली.

सुई कोणाकडेच नव्हती. गादी गुंडाळून, दोरीने आवळून पुन्हा टपावर टाकली.

नागपूरच्या स्टँडवर ती सायकलरिक्षात चढवली, तेव्हा ऊन होते. बाई उसवलेली कड मुठीत धरून बसली. रिक्षा लकडगंजकडे गेली.