गायकवाड काकांचा बंद डिस्प्ले

मीटरवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच दुकानात आणून टाकतं. मी नाशिकरोडला जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड खोलतो, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर साठलेत. पण हल्ली चहाला मित्र जमले की माझ्या तोंडून एकाच गाडीचे निघतात. गायकवाड काका, काकू आणि त्यांची बंद डिस्प्लेची गाडी. आठवण येते, दुसरं काय.

*

पहिल्यांदा आले तेव्हा स्पीडचे आकडे अर्धेच उमटत होते. आठाचा तीन दिसायचा. मी म्हटलं, "काका, डिस्प्ले जायला लागलाय. सोडून जा, संध्याकाळी देतो."

काकांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं मीटरच बघितली होती. ते हो म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "कशाला? मी आहे ना."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. आठवड्यात डिस्प्ले पूर्ण बंद पडला आणि काकू खिडकीबाहेर बघून काकांना स्पीड सांगायला लागल्या. सहा वर्षं गाडी तशीच चालली. हॉर्न, लाइट, वायपर, काहीही बिघडलं की दोघं माझ्याकडे यायचे. डिस्प्लेचं नाव मात्र काढू द्यायचे नाहीत.

*

एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, असं अंदाजपंचे किती दिवस चालायचं?"

त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर मी गुपचूप फोनवर स्पीड दाखवणारं ॲप लावलं.

"पंचावन्न," काकू म्हणाल्या.

फोनवर चोपन्न. सापडल्या! मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला आणि म्हणाल्या, "थांब, होतील आता."

झाले.

*

काकूंचं माहेर सटाण्याकडचं. नोकरी शिक्षिकेची, त्यामुळे बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातलं. पण ते सत्तरपर्यंतच. गाडी त्याच्या पुढे गेली की घाबरून थेट माहेरच्या अहिराणीत शिरायच्या, "पंच्याहत्तर शे!"

काका मला म्हणायचे, "तिच्या 'आहे'चं 'शे' झालं ना, की माझा ब्रेक आपोआप लागतो. कंपनीनं असा अलार्म दिला नसता."

*

एका दुपारी काकांचा फोन आला. देवळालीजवळ पेट्रोल संपून गाडी उभी होती. पेट्रोलचा आकडाही त्याच डिस्प्लेत, म्हणजे ते खातंही काकूंकडेच. किती किलोमीटर झाले, टाकीत किती उरलं, सगळं डोक्यात. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या.

मी कॅन घेऊन पोचलो. काका बाहेर उन्हात, काकू आत बसलेल्या.

"काकू, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळलं होतं की. निघतानाच."

"मग सांगितलं का नाही?"

"सकाळपासून बोलत नाहीये मी यांच्याशी."

भांडण कशावरून, तर काका सकाळी म्हणाले होते, एकदाचा तो डिस्प्ले करून टाकू या. मी पेट्रोल ओतलं. काका गाडीत बसले, स्टार्टर मारला आणि समोर बघतच म्हणाले, "नाही करत."

जरा पुढे गेल्यावर आत काकूंनी आकडा सांगितला असेल, कारण गाडी लगेच हळू झाली.

*

या पावसाळ्यानंतर काका एकटेच आले.

"जयभीम, काका. काकू कुठंयत?"

"गेली," ते म्हणाले. "महिना झाला." मला कुणी कळवलंच नव्हतं. मी स्टूल पुढे केलं, पण ते बसले नाहीत. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "डिस्प्ले करून दे बाबा. आता लागेल."

खोलून बघितलं, तर बोर्डावर दोन ठिकाणी सोल्डर सुटलेलं. अर्ध्या तासाचं काम. याच कामासाठी सहा वर्षं मी दोघांच्या मागे लागलो होतो. मन लावून केलं, पण मनातून ते नीट होऊ नये असंच वाटत होतं. किल्ली फिरवली, तर सगळे आकडे लख्ख उमटले.

"चांगलं झालंय," काका म्हणाले. "चल, चक्कर मारून येऊ."

मी मागचं दार उघडलं.

"पुढे बस," काका म्हणाले.

बसलो. सिन्नरच्या रस्त्याला लागलो. काकांची नजर सरळ रस्त्यावर. नव्यानं चालू झालेल्या डिस्प्लेकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "किती झाले?"

"काका, समोर दिसतंय ना."

"दिसतंय. तू सांग."

मी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. झाडं जात होती, दुकानं जात होती. मला काही अंदाज येईना.

"साठ," मी म्हटलं.

डिस्प्लेवर अडतीस होते. काकांनी गाडी हळू केली.