न मोजलेला आकडा

"अक्षर बघा, किती सुरेख आहे. आणि एकही आकडा लिमिटच्या बाहेर नाही."

काचेच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला हे ऐकू आलं. बोलत होते क्वालिटी ऑडिटसाठी आलेले साहेब. त्यांच्या हातात मी भरलेली चेक शीट होती. "आमच्या ट्रेनी गायकवाड मॅडमचं आहे," असं समोर बसलेले साठे सर म्हणाले. साठे सर म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. मी बाहेर जॉब कार्डं नंबराप्रमाणे लावत होते. शेजारच्या रॅम्पवर त्याच शीटवरची मोटरसायकल उभी होती. आमचे मेकॅनिक जाधवमामा यांनी किक मारली आणि इंजिन पहिल्या किकला चालू झालं. आवाज स्वच्छ, कुठेही खडखड नाही. केबिनमधले दोघंही मान वर करून हसले.

माझ्या हातातलं कार्ड चुकीच्या नंबरावर गेलं. कारण त्या शीटवरचा एक आकडा कोणीही मोजलेला नव्हता. तो मी मनाने लिहिला होता.

हे खडकीजवळच्या एका टू-व्हीलर डीलरचं वर्कशॉप होतं. हिंजवडीत तेव्हा एकामागून एक आयटी पार्क उभे राहत होते. माझ्याबरोबर मेकॅनिकलची डिग्री घेतलेली अर्धी मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली होती आणि गळ्यात कार्ड अडकवून कंपनीच्या बसने जात होती. मीही कॅम्पस इंटरव्ह्यू दिले होते. ग्रुप डिस्कशनच्या वीस मिनिटांत मी एकदाही तोंड उघडलं नाही. प्रत्येक वाक्य आधी मनात पूर्ण करायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग ही ट्रेनीची जागा मिळाली. वर्कशॉपमध्ये मी एकटी मुलगी होते.

वर्कशॉपला क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी इंजिन उघडलेल्या प्रत्येक गाडीची एक इंग्रजी चेक शीट भरायची असे. त्यात बावीस रकाने. मेकॅनिकचे हात दिवसभर ऑइलमध्ये, आणि शीट डागाळलेली चालत नव्हती. म्हणून रीत अशी पडली की काम मेकॅनिकनी करायचं आणि संध्याकाळी सगळ्या शीट माझ्याकडे यायच्या. मी इंग्लिश मीडियमची, अक्षर बरं. साठे सरांच्या मते यासाठीच मला घेतलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी जाधवमामांना विचारलं होतं, "मामा, साइड क्लिअरन्स किती आला?"

"बरोबर आहे."

"पण आकडा काय लिहू?"

"बरोबर म्हणजे बरोबर. आकडा तुमच्या पुस्तकात असेल की."

मॅन्युअलमध्ये होता. ०.१० ते ०.३५ मिलिमीटर. मी मध्यावरचा म्हणून ०.२० लिहिला. पुढच्या शीटवर तोच आकडा बरा दिसेना म्हणून ०.२५. आमच्याकडे हे मोजायचं साधन होतं. फीलर गेज म्हणतात त्याला. चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो आणि प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. फटीत जी पट्टी बेताची सरकते, तेवढी फट. आमचा जुडगा साठे सरांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होता. ऑडिटच्या वेळी बाहेर यायचा.

आता त्या गाडीबद्दल. ती वानखेड्यांची. वानखेडे मूळचे अकोल्याचे, हिंजवडीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. इंजिन खटखट वाजतं म्हणून गाडी आली होती. ऑइल कमी पडल्यामुळे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं होतं.

कनेक्टिंग रॉड म्हणजे काय, हे सायकलवरून चटकन कळतं. सायकल चालवताना गुडघा वरखाली होतो आणि पेडल गोल फिरतं. या दोघांना जोडते ती आपली नडगी. इंजिनात पिस्टन वरखाली जातो, क्रँक गोल फिरतो आणि मधली नडगी म्हणजे हा रॉड. छोट्या इंजिनात रॉडचं खालचं टोक क्रँकच्या दोन जाड चकत्यांच्या मध्ये एका पिनवर बसवलेलं असतं. रॉड बदलायचा तर इंजिन खाली उतरवून दोन भागांत उघडावं लागतं. मग प्रेसवर चकत्या वेगळ्या करायच्या, नवा रॉड, नवी पिन, नवं बेअरिंग घालायचं आणि चकत्या पुन्हा दाबून बसवायच्या. दाबल्यावर त्या एका रेषेत राहत नाहीत. त्यांना तांब्याच्या हातोड्याने ठोकून रेषेत आणतात.

या सगळ्यात रॉडच्या बाजूला केसभर फट राहावी लागते. तिलाच साइड क्लिअरन्स म्हणतात. ती राहिली नाही तर रॉड चकतीला घासतो. गल्लीत काही कळत नाही. हायवेवर तासभर सलग चालवली की तो भाग तापतो, फुगतो आणि जाम होतो. इंजिन जाम झालं की मागचं चाक चालत्या गाडीत थांबतं.

जाधवमामा ही फट अंगठ्याने बघत. चकत्या रेषेत आल्या की क्रँक मांडीवर घेत, रॉडचं टोक अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे ढकलत आणि कान जवळ नेत. बारीक टिक् असा आवाज येई. मग मान हलवत. मी दर वेळी दोन हात लांब उभी राहून हे बघत असे. त्यांचा अंगठा चुकत नसावा, असं मला वाटे. निदान ०.२० लिहिताना मी स्वतःला हेच सांगत असे.

वानखेड्यांच्या क्रँकला मामांनी अंगठा लावला नाही. ते हातोडा ठेवत असतानाच साठे सरांनी हाक मारली. उद्या ऑडिट, तेव्हा नवा युनिफॉर्म घालून बघा, म्हणाले. मामा गेले. पँट आखूड निघाली, त्यावरून अर्धा तास थट्टा झाली. परत आल्यावर त्यांनी क्रँक उचलला, ऑइल सोडलं, केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खोक्यात ठेवला आणि केस बंद केली. मी तिथेच उभी होते. 'मामा, ते राहिलं,' एवढंच म्हणायचं होतं. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि मामांनी बोल्ट आवळले.

संध्याकाळी शीट आली. मी ०.२० लिहिलं. सही केली.

ऑडिटचे साहेब जेवायला बाहेर गेले तेव्हा मी मामांकडे गेले. ते हात पुसत होते.

"मामा, काल क्रँक लाइन केल्यावर तुम्ही अंगठा लावला नव्हता."

"कोण म्हणतं?"

"मी बघत होते."

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "गाडीला आवाज आहे का?"

"नाही."

"धूर आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला हवंय काय मॅडम?"

"उघडून मोजू या."

"साहेब आत बसणार आणि मी झालेलं इंजिन खाली उतरवणार. वा. तुम्हीच सांगा जाऊन साठे सरांना. शीट तुमची, सही तुमची."

ते रागाने बोलले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांनाही आठवत होतं की अंगठा लावला नाही.

मी सरांकडे गेले नाही. केबिनपर्यंत तीनदा जाऊन परत आले. गाडी आज जाणार नाही, वानखेडे शनिवारी येतील, तोवर ऑडिट संपेल, मग बोलू, असं ठरवलं. आणि अडीच वाजता वानखेडे आले. पाच-सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. तिने सरळ जाऊन पेट्रोलच्या टाकीवर बसायला हात वर केले. त्यांनी तिला उचलून बसवलं. तिची जागा ठरलेली होती.

"झाली ना जी गाडी?" त्यांनी मला विचारलं. "उद्या पहाटे निघतो. मी, मिसेस आणि ही. औरंगाबादला मेव्हण्याच्या घरी कार्यक्रम आहे."

"गाडीवर?"

"मग? नगर रोड मस्त आहे. नवीन रॉड टाकला म्हटल्यावर कशाची भीती?"

साठे सर बाहेर आले. मागे ऑडिटचे साहेब, जेवून परतलेले. गिऱ्हाइकाला गाडी कशी सोपवतो ते दाखवायची ही चांगली वेळ होती. सरांनी वानखेड्यांना जुन्या पार्टची पिशवी दिली, हात मिळवला, सही घेतली. वानखेड्यांनी किल्ली फिरवली. मुलीने आरशात बघून केस नीट केले.

मी पुढे होऊन हँडल धरलं. कसं, ते मला आजही नीट आठवत नाही. क्लच केबलचा गारवा तेवढा आठवतो.

"गाडी देता येणार नाही," मी म्हणाले.

साठे सरांनी माझ्याकडे बघितलं. "का? रंग पसंत नाही का तुम्हाला?"

"साइड क्लिअरन्स मोजलेला नाही."

"शीटवर आहे."

"तो मी लिहिलाय. मोजलेला नाही."

ऑडिटचे साहेब फाइल उघडू लागले. साठे सर हसले, पण त्यांचा कान लाल झाला होता. "ट्रेनी आहेत. जरा घाबरट आहेत," ते साहेबांना म्हणाले. वानखेडे मात्र किल्ली काढून खाली उतरले.

"मॅडम, काल फोनवर तुम्हीच म्हणालात झाली म्हणून."

"हो."

"मग आता?"

उत्तर जाधवमामांनी दिलं. ते लांबून बोलले. "दादा, उद्या एसटीने जा. लेकराला घेऊन एसटीने जा."

वानखेड्यांनी मुलीला टाकीवरून उचललं. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

मामांनी इंजिन उतरवलं. एकट्याने, कोणाला हात लावू दिला नाही. साडेपाचला क्रँक टेबलावर आला. साठे सरांनी कपाटातून फीलर गेज आणलं, पिशवीतून काढलं. मामांनी ते माझ्या हातात दिलं.

"तुम्ही घाला. नंतर म्हणाल मामाने घातली."

०.२० ची पट्टी शिरलीसुद्धा नाही. ०.१५ नाही. ०.१०, म्हणजे किमान हवी तेवढी, तीही गेली नाही. सगळ्यात पातळ ०.०५ ची पट्टी घातली. ती आत शिरली आणि अडकली. काढताना तिला बाक आला. रेषेत आणताना बसलेल्या ठोक्यांनी चकत्या जवळ आल्या होत्या. अंगठा लावला असता तर टिक् आवाज आला नसता.

मामांनी चष्मा काढून पुसला. "औरंगाबाद," एवढंच म्हणाले. मग क्रँक घेऊन प्रेसकडे गेले. तासाभराने परत मोजलं. ०.२५. तो आकडा मी शीटवर लिहिला, मोजून लिहिलेला माझा पहिला आकडा. नंतर अनेक वर्षं या धंद्यात काढली आणि एवढं शिकले की जे मोजलं नाही तो रकाना रिकामा ठेवावा. रिकाम्या रकान्याचं अक्षर सुंदर आहे असं कोणी म्हणत नाही, पण तो वाचून कोणी मुलीला टाकीवर बसवतही नाही.

ऑडिटचे साहेब तोपर्यंत गेले होते. जाताना त्यांनी सरांना सांगितलं होतं की एक शीट चुकली तरी ती वर्कशॉपच्याच माणसाने पकडली, हे रिपोर्टमध्ये चांगलं दिसेल. त्यामुळे साठे सरांचा सूर बदलला होता. त्यांनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आधी कधी मागवला नव्हता.

"बसा गायकवाड. धाडस केलंत. पद्धत चुकली, गिऱ्हाइकासमोर असं बोलत नाहीत, पण धाडस केलंत." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "जुनी शीट काढा, नवी लावा. वानखेड्यांना मी फोन करतो. झालं. सुटलो आपण."

मामांनी बशीत चहा ओतला. मी फाइल उघडली. वानखेड्यांच्या शीटच्या खाली बाकीच्या शीट होत्या. मी एकेक पान उलटत गेले. माझं अक्षर, माझी सही, आणि प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर आणि मालकाचं गाव. मला बारामती दिसली, चाकण दिसलं, एका शीटवर फक्त 'दूधवाले' असं लिहिलेलं दिसलं. त्या सगळ्या गाड्या त्या वेळी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर असणार होत्या.

"काय झालं?" साठे सर म्हणाले. "नवी शीट लावा ना. अजून काय राहिलंय?"

या वेळी मी वाक्य मनात जुळवत बसले नाही.

"सर, याखाली अजून अकरा शीट आहेत. त्यातलाही एकही आकडा मोजलेला नाही. त्या गाड्या परत बोलवाव्या लागतील."