हरलेल्या अपिलाची अंमलबजावणी

मी शिकले ती एका वकिलाच्या हरण्यावर. आमच्या वकीलकाकांइतक्या मनापासून हरणारा माणूस उमरखेडात दुसरा झाला नाही. काका म्हणजे वडिलांचे दोस्त. भर उन्हाळ्यातही अंगात काळा कोट, कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, आणि समोरच्या वकिलाचा मुद्दा पटला की कोर्टातच मान डोलवायची खोड. पक्षकार बिचारे मागून कोट ओढत बसायचे. म्हणूनच की काय, केस घेतानाच ते वचन घेत, की निकाल लागला की तो मानायचा, मग रडगाणं नाही.

मी सातवी झाले त्याच साली सरकारनं मुलींचे पुढचे वर्ग मुलांच्या शाळेत नेले. वडील भडकले. पोरगी पोरांत बसणार नाही, म्हणाले, आणि आईवडिलांच्या नावानं राज्यावर दावा लागला. सही करून आई चुलीपाशी गेली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. दावा चालला तोवर मी घरात, तांदूळ निवडत. यवतमाळला हरलो, तसे काका अपिलात नागपूरला गेले. दावा मुंबई राज्यावर होता, सुनावणी येईस्तोवर महाराष्ट्र झाला. ज्याच्याशी भांडायला निघालो ते राज्यच उठून गेलं, असं काका गावभर सांगत फिरले, जसं काही ते यांच्याच धाकानं गेलं.

हायकोर्टानं अपील फेटाळलं. तरी वडील मला पाठवायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट घालून काका दारात उभे.

"आता काहून आला?" वडिलांनी विचारलं.

"अंमलबजावणीले. वचन देलतं ना तू? पोरी, दप्तर घे."

वडील दारातून बाजूला झाले. दप्तर आईनं आधीच भरून ठेवलं होतं. आपल्याच पक्षकाराविरुद्धचा निकाल बजावत काका मला भर बाजारातून शाळेत घेऊन गेले. लोक हसत होते, आणि आम्ही दोघं शेंगदाणे खात होतो. वडिलांचा राग उतरेपर्यंत रोज तेच सोडायला यायचे.

आज मी त्याच शाळेत शिकवते. काका नाहीत. त्यांचे उपकार फेडायचे कसे, ते मला अजून कळलेलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा पेढ्यांचा पुडा वडिलांनीच आणून दिला होता. तो घेऊन मी काकांकडे गेले आणि विचारलं, "काका, खरं सांगा, मुद्दाम हरलात ना?"

काका चिडलेच. "मुद्दाम? अवं, जीव तोडून लढलो मी. न्यायमूर्तीनं ऐकलंच नाही."

मग दुसरा पेढा उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बरं झालं, नाही ऐकलं."