आमच्या घरमालकांच्या क्लबचा शेवटचा सामना

मयताच्या स्मरणार्थ केलेला गोड पदार्थ मी एकदा विजयाची मिठाई समजून दोन वाट्या खाल्ला आणि वर अभिनंदनही केलं. आजही आठवलं की मला हातातलं काम ठेवून आधी हसून घ्यावं लागतं.

दोन हजार सोळा-सतरा साल असेल. कॅनडातल्या ब्रॅम्पटनमध्ये आम्ही एका रोमेनियन आजोबांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. मी आणि नवरा दोघंही वसईचे, दोघंही एकाच वेअरहाउसमध्ये पॅकिंगला. आजोबा वर एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत. आमच्याशी ते दोनच विषयांवर बोलायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ आणि त्यांचा फुटबॉल क्लब. उन्हाळ्यात बर्फ नसायचा, त्यामुळे क्लबला जोर यायचा.

त्यांच्या गावात रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी तो क्लब काढलेला. जर्सी विटकरी, छातीवर पांढरं चाक. मैदान कारखान्याच्या भिंतीला लागून, आणि गोल झाला की आतला माणूस भोंगा वाजवायचा. एका वर्षी क्लब चढत चढत थेट देशाच्या लीगच्या पहिल्या वर्गात पोचला. राजधानीतला नामांकित संघ गावात आला आणि चिखलात आडवा झाला. भोंगा इतका वेळ वाजला की बंबवाले पाण्याचे पाइप घेऊन धावत आले! आजोबा त्या संघात डाव्या बाजूला बचावाला होते. "तुम्ही किती गोल केलेत?" मी विचारलं. "एक," ते म्हणाले, "आमच्याच जाळ्यात." हे सगळं ते एका जाड वहीत लिहून काढत होते. पण हकिकत नेहमी त्या चिखलापाशी थांबायची, पुढचं काही सांगायचे नाहीत. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

मग एका रविवारी सकाळी आजोबा काळा टाय लावून बेसमेंटच्या पायऱ्या उतरले. हातात भलंमोठं ताट. उकडलेले गहू, साखर, अक्रोड, वर पिठीसाखरेचा जाड थर आणि त्यावर रंगीत गोळ्यांनी काढलेलं चाक. चाकाच्या डोक्यावर क्रूस. "क्लबसाठी," एवढंच म्हणाले. आता गव्हाचं गोड, टाय आणि क्रूस एकत्र आल्यावर आम्ही ख्रिस्ती माणसं दुसरं काय समजणार? क्लबने काहीतरी जिंकलं आणि आजोबांनी देवाचे आभार मानले. मी तिथेच उभ्याने खाल्लं, त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स अंकल! असंच वरचेवर होऊ दे!" ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आनंदाने गहिवरलेत.

तोंड गप्प बसेल तर ती मी कसली. आमच्या चर्चच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर ताटाचा फोटो टाकून दिला. घरमालकांचा क्लब चॅम्पियन! वसईची पुरुषमंडळी फुटबॉलसाठी अर्ध्या झोपेतून उठतील अशी. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर आठ-दहा जण केक घेऊन दारात हजर, पुढे आमचा नवरा. आजोबांनी दार उघडलं तसा तो म्हणाला, "अंकल, फ्रेंडली मॅच होऊन जाऊ दे! चॅम्पियन लोकांना आमचं चॅलेंज आहे."

आजोबांनी केककडे पाहिलं. मग अगदी सावकाश सांगितलं की क्लब मेला, आज वर्ष झालं, आणि सकाळचं ताट त्याच्या वर्षश्राद्धाचं होतं.

जमीन दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. असंच वरचेवर होऊ दे! मीच म्हणाले होते.

आम्हाला घरात बसवून त्यांनी राहिलेली हकिकत सांगितली. कारखाना बंद पडला, क्लब एकेक वर्ग खाली घसरत गेला, पोरं दुसरीकडे निघून गेली. शेवटच्या सामन्याला सहाच खेळाडू आले. सातपेक्षा कमी असले तर सामना सुरूच करत नाहीत. पंचांनी पाव तास वाट पाहिली आणि कागदावर लिहिलं, संघ मैदानात उतरला नाही. त्यानंतर क्लबच मोडीत निघाला. "हरलो असतो तर मी वहीत लिहिलं असतं," आजोबा म्हणाले. "आम्ही हरलोसुद्धा नाही. आम्ही आलोच नाही. असा शेवट कुणी लिहितं का?" मला रडू आलं. मी केक कापला, कारण हाताला दुसरं काही सुचेना. आजोबांनी एक तुकडा संपवला, बोटं पुसली आणि नवऱ्याला विचारलं, "मॅच कधी?"

पुढचे तीन आठवडे घरात नुसता धुडगूस. आजोबांनी विटकरी जर्सी शिवून घेतल्या, चाकासकट. त्यांच्या चर्चमधले सात रोमेनियन गोळा केले, सगळे साठीच्या आसपासचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. स्वतः ते रेषेबाहेरून सूचना देणार, कारण डॉक्टरांनी खेळायला मनाई केलेली. अट एकच, सगळं नियमाने. दया दाखवून सामना झाला तर तो वहीत जाणार नाही. नवरा रोज अंगणात घाम गाळत होता आणि मी खिडकीतून त्याच्या पोटाला प्रोत्साहन देत होते.

सामन्याच्या दिवशी पार्कमध्ये आजोबांचे सहाच आले. सातव्याला ट्रक घेऊन मॉन्ट्रियलला जावं लागलेलं. आजोबांनी एकदा मोजलं, दोनदा मोजलं, आणि बाकावर जाऊन बसले. बसले तेव्हा ते खरंच म्हातारे दिसले. मला ते बघवेना. मी उरलेली जर्सी उचलली आणि कुर्त्यावरूनच चढवली.

"अगं, तू? तुला ऑफसाइड तरी कळतं का?" नवरा म्हणाला.

"मला तू कळतोस. तेवढं पुरे," मी म्हणाले.

समोर अकरा वसईकर, इकडे आम्ही सात. शिट्टी आमच्या गायनमंडळातल्या एकाकडे. मी सबंध वेळ नवऱ्याच्या मागे धावले, दोनदा त्याची बाही धरली, एकदा चक्क चेंडूला पाय लावला. धाप लागली होती, हसू आवरत नव्हतं आणि आमच्या जाळ्यात गोलावर गोल पडत होते. आठ झाले, नऊ झाले. आजोबा रेषेवरून रोमेनियनमध्ये ओरडत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं पटत होतं.

पाच मिनिटं उरली असताना आमच्या एका गड्याच्या पोटरीत गोळा आला. तो आडवा झाला तो उठेचना. सहा. शिट्टीवाल्याने बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि सामना थांबवायला शिट्टी तोंडाकडे नेली. नियम म्हणजे नियम, आजोबांचाच हट्ट.

"थांब!" आजोबांनी कोट काढला. आत विटकरी जर्सी होती. "यादीत राखीव म्हणून आठवं नाव माझं आहे." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एक गुडघा बदललेला, आणि चालत जाऊन डाव्या बाजूला आपल्या जागी उभा राहिला.

चेंडू नेमका तिकडेच गेला. मागून नवरा येत होता, आणि त्यांना पाहून त्याने वेग कमी केला. मी अख्ख्या पार्कला ऐकू जाईल अशी किंचाळले, "थांबलास तर बघ! पळ मेल्या, पळ!" तो पळाला, जिवाच्या आकांताने पळाला. आजोबांनी पाय टाकला, दोघं एकमेकांवर आदळले आणि चेंडू रेषेबाहेर गेला. आजोबा गवतात बसून हसत होते.

पुढच्याच मिनिटाला दहावा गोल झाला. मग शेवटची शिट्टी वाजली.

आजोबांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि दिसेल त्याला मिठी मारत सुटले. आम्हाला, वसईकरांना, कुत्रा फिरवायला आलेल्या अनोळखी बाईला. मग धापा टाकतच त्यांनी रेजिनाच्या मुलीला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत ओरडायला लागले, "दहा-शून्य! पूर्ण वेळ खेळलो, सात जण होतो, आणि हरलो! ऐकतेस ना? आम्ही हरलो!"