एसटी वळायला जागा

आमचं घर निघालं तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी चढले ते गोठ्याचे खांब. थोरल्या दिरांनी, म्हणजे आबांनी, ते स्वतः खणून काढले होते. धरणाचं पाणी वर येणार म्हणून गुंजवणीच्या खोऱ्यातली आमची घरं उठत होती, आणि सासूबाई ओरडत होत्या की अरे आधी कणगी ठेवा, जातं ठेवा. आबा म्हणाले, "जनावरं उघड्यावर ऱ्हायली तर दूध कोण देणार, तुझं जातं?"

मी धाकटी सून. डोक्यावर पदर, मांडीवर पोर, टेम्पोच्या मागच्या कडेला बसलेली. राजगड मागं मागं जात होता. लई भरून आलं, पण रडले नाही, कारण समोर आबा बसले होते. थोरल्या दिरांसमोर हसायचं नाही नि रडायचं नाही, बोलायचं तर नाहीच. आई सांगायची, "सुनंचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की घराचं नाव जातं." मी तर तो उंबऱ्याच्या आतसुद्धा फार वापरला नव्हता. आबांना काही सांगायचं तर पोराला पुढं करायचं, "सांग रं आबांना, जेवाण वाढलंय." आबा हातभर अंतरावर, सगळं ऐकू येतंय, पण निरोप पोराच्याच तोंडून.

वेल्ह्याच्या बायांनो, तालुक्याचं नाव बदललं म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून वेल्हंच आहे. तुम्ही काही जणी धरणाच्या वर राहिलात, काही माझ्यासारख्या खाली आलात. लग्नाकार्यात भेटलं की विचारता, तिकडं करमतं का गं? उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतच, बाकीचं पोरांच्या पुस्तकांतून. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची वस्ती भोर तालुक्यात, खालच्या अंगाला, एका जुन्या गावाच्या कडेला. तिकडं एक घर वर, एक खाली, मधे फणस. हितं प्लॉट, चौकोनी, नंबर घातलेले. चिखलात भात लावणारी आम्ही माणसं ज्वारी राखायला शिकलो. गावातले आम्हाला धरणवाले म्हणायचे. एसटी त्यांच्या देवळापर्यंत यायची नि तिथूनच मागं फिरायची. आमच्या पोरींना तिथवर चालत जायचं तर मधला रस्ता सामसूम, दोन्ही बाजूंना ऊस. आया घाबरायच्या. सातवी झाली की पोरगी घरी, आणि घरी बसली की लग्न. माझ्या थोरल्या लेकीचं तसंच झालं. ते मला अजून सलतं.

मग सरपंचपद पुन्हा बायांसाठी राखीव झालं. वस्तीनं ह्यांना गळ घातली आणि ह्यांनी मला उभं केलं, सहीपुरतं. निवडून आले तेव्हा शाल-नारळसुद्धा लोकांनी ह्यांच्याच हातात दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते हौसाक्कांना. त्या जुन्या गावातल्या, माझ्या आधीच्या सरपंच. दुसऱ्या दिवशी न बोलावता आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "माझी पाच वर्सं सह्या करन्यात गेली. खुर्चीवर मालक बसायचा, म्या आतून चहा धाडायची. तुझी तशी जाऊ नयेत."

तेव्हापासून त्या येतच राहिल्या. म्हणायच्या, खुर्चीवर सबंध टेकून बस, काठावर बसलेल्या बाईला कोणीबी उठवतं. कागद कळला नाही तर ग्रामसेवकाला परत विचार, तिसऱ्यांदा विचार, कंटाळू दे त्याला. आणि हात जोडून उभी राहू नकोस, तू काही मागायला आली नाहीस. पण माझ्या वतीनं त्या एक शब्द कुठं बोलल्या नाहीत. मला राग यायचा. एवढं येतं तर बोला की तुम्ही, असं वाटायचं.

पहिलं काम मी एसटीचं धरलं. भोरच्या डेपोत चार खेपा घातल्या, तेव्हा साहेब म्हणाले, गाडी वस्तीपर्यंत सोडू, पण वळायला जागा दाखवा. जागा एकच होती, वस्तीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या मालकीची. आणि तिथं आबांचा गोठा उभा होता. त्याच खांबांवर.

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा आबांना. हे म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

हौसाक्का म्हणाल्या, तूच सांगायचं, ग्रामसभेत. मी म्हटलं, अक्का, मी त्यांना आजवर हाक मारलेली नाही, काय म्हणू ते पण ठाऊक नाही. "घर काय म्हनतं? आबा? मग तू बी आबाच म्हन." आणि माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, मांडी घातली, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि माझ्याकडं डोळे वटारले, बोल म्हणे आता. मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण टॉवेल काढला नाही. पार संध्याकाळपर्यंत बोलायला लावलं.

ग्रामसभेत आबा पुढच्याच रांगेत. एसटीचा विषय निघाला आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे उठले, "तसं बघू आपन फुडं..." मी मागं हौसाक्कांना शोधलं. त्या खाली मान घालून पदराचा काठ बघत बसल्या होत्या, मुद्दाम.

मी पदर सारखा केला. "आबा," म्हटलं. "आबा, एसटी वळायला जागा पायजे. गोठा काढावा लागंल."

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ह्यांना म्हणाले, "तिला सांग, एकदा धरनानं उठवलं. आता भावजय उठवती व्हय?"

ते खरंच होतं. टॉवेल गुंडाळलेल्या आबांनी असं काही विचारलं नव्हतं. क्षणभर वाटलं, खाली बसावं. मग थोरलीचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

"मला सांगा आबा, म्या हितंच हाय," मी म्हटलं. "आन् उठवत न्हाई, जागा देते. माझ्या परसात घाला गोठा."

परसात माझा घेवडा होता, डोंगरातून आणलेल्या बियांचा. आणि ह्यांना ही गोष्ट तिथंच, सगळ्यांबरोबर कळली. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "इतकी वर्सं तुज्या हातचं खाल्लं. आवाज आज ऐकला." आणि उठून चालू लागले. व्हय की न्हाई, कोणालाच कळलं नाही. सकाळी उठून बघते तर ते पहार घेऊन खांब खणत होते.

एसटी आली. शेजारच्या तिघी पोरी दप्तरं घेऊन चढल्या. हौसाक्का उगाचच बसून भोरला जाऊन आल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, बोललीस चांगली, पण हात केवढे हालवतीस. आता त्या नाहीत. त्यांच्यामागं मी लई एकटी पडले होते.

आबा मात्र रोज धार काढायला माझ्या परसात यायचे. आधी नुसते खाकरायचे. मग वैरण संपली म्हणायला लागले, मग दूध कमी झालं म्हणून माझ्यावरच चिडायला लागले. मी सरपंच होते ते मागं पडून पुष्कळ वर्षं झाली. आता पोरगा धार काढतो, आबा काठी टेकत नुसतं बघायला येतात. मागच्या महिन्यात आले ते नातसुनेला घेऊन. ती त्यांच्यामागं पदर ओढून उभी.

"हिला निवडनुकीला उभी करायची म्हनत्यात," आबा म्हणाले. "हिला बोलायला शिकव."

मी विचारलं, ही भिते कोणाला?

"माज्याशिवाय कोन हाय? आदी माज्याशीच बोलायला शिकव."

मी तिला म्हटलं, समोरच उभे आहेत, कर सुरुवात. पोरगी लालेलाल झाली. चुळबुळ केली. मग मान वर करून म्हणाली, "आबा, तुमी बीपीची गोळी घेत न्हाई. उशाखाली सापडत्यात मला."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "पुरं झालं शिकवनं."

तर बायांनो, करमतं का? उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मी जाते, आपल्या घराची जागा लांबून बघते, डोळे पुसते. त्या घरात मी नांदले, पण ह्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. हितं तो माझ्या परसात उभा राहून नातसुनेशी गोळ्यांवरून भांडत होता, ती उलट उत्तर देत होती, आणि मी चूल सोडून दारात ऐकत बसले होते. आता कोणी घर कुठलं विचारलं तर मी हेच सांगते.